तितीनाच्या घरात न बोलायची गोष्ट

पाहुणा आला की तितीना त्याला आधी पाणी देते, मग किल्ली, आणि मग शहर वाटून देते.

"आज वर, उद्या खाली," ती सांगते. वर म्हणजे टेकडीवरच्या मठाची गच्ची, जिथून सगळा उपसागर आणि पलीकडचा व्हेसुव्हियस ज्वालामुखी एका नजरेत येतो. खाली म्हणजे शहराच्या पोटातल्या जुन्या पाण्याच्या टाक्या, जिथे युद्धात आमच्या आया-आज्या बॉम्ब पडत असताना बसून राहिल्या. दगडाची चादर पांघरून निजलेल्या ख्रिस्ताचा पुतळा शेवटच्या दिवशी बघायचा. तो आधी बघितला तर बाकीचं काही डोळ्यांत भरत नाही. तळलेला पिझ्झा उभ्यानं खायचा, बसून खाणाऱ्याच्या पोटात तो दगड होतो. बोटीनं बेटावर जायचं असेल तर वारा कुठला आहे ते मासेवाल्याला विचारायचं, मोबाइलला नाही. आणि दुपारी जेवणानंतर ऊन कलेपर्यंत घरी यायचं नाही.

"का?" असं एका जर्मन बाईनं विचारलं होतं.

"घर झोपतं," तितीना म्हणाली. त्या बाईला तो विनोद वाटला.

तिचं खरं नाव रेस्तितूता. नेपल्सच्या मातेर्देई भागात, चढावरच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या याच घरात ती जन्मली. तिच्या आईनं इथेच देह ठेवला, नवऱ्यानंही. तरुणपणी ती लाँड्रीत हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करायची. मुलगी पाल्मिरा लग्न होऊन उत्तरेकडे बोलोन्याला गेली आणि तिची खोली रिकामी झाली, तेव्हा तितीनानं ती दोन-तीन दिवसांसाठी शहर बघायला येणाऱ्यांना द्यायला सुरुवात केली. आता गल्लीतली निम्मी घरं तेच करतात. पूर्वी सकाळी पाववाल्याच्या हाकेनं जाग यायची, आता दगडी फरशीवर खडखडणाऱ्या बॅगांच्या चाकांनी येते. मी वर्तमानपत्रं विकतो आणि तिच्या खालच्या मजल्यावर राहतो, त्यामुळे तिच्या घरातलं बरंचसं मला छतातून ऐकू येतं.

तिच्याबरोबर तिचा थोरला भाऊ अनिएल्लो राहायचा. लग्न न केलेला, उंच, लांब हातांचा माणूस. डोंगर चढणारी तारेची गाडी त्यानं आयुष्यभर चालवली होती. हृदय दमल्यापासून तो घराबाहेर पडला नव्हता. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि जिना असा उभा, की धडधाकट माणूसही मध्ये थांबून कठड्याला टेकतो.

"सगळ्या शहराला वर चढवलं," तो म्हणायचा, "आता मला खाली उतरवायला कुणी नाही."

"चढवत होती तार," तितीना म्हणायची. "तू नुसता टोपी घालून उभा असायचास."

डॉक्टरांनी मात्र थट्टा केली नव्हती. या उंचीवर, या जिन्यावर हा माणूस हिवाळा काढणार नाही, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. त्याला रोज थोडं सपाटीवर चालायला हवं, आणि काही झालं तर लगेच खाली नेता यायला हवं. बोलोन्यात पाल्मिराच्या इमारतीला लिफ्ट होती, समोर बाग होती. तिच्या शेजारचं घर विकायला निघालं होतं. इथलं विकायचं, तिथलं घ्यायचं, भावाला घेऊन जायचं. एवढं साधं होतं.

पण घर सोडण्याबद्दल घरात बोलायचं नसतं.

हे आमच्याकडे प्रत्येकाला ठाऊक आहे. जे मानत नाहीत तेही पाळतात. प्रत्येक घराची एक घरधनीण असते. जुनी माणसं तिला 'बेल्ला मब्रियाना' म्हणतात, पण नाव घेण्यापेक्षा नुसतं 'ती' म्हणणं बरं. पडदा वारा नसताना हलतो, खिडकीच्या काचेवर उन्हाचा कवडसा नको तिथे उभा राहतो, बाल्कनीच्या भिंतीवर पाल येऊन बसते आणि तिला कुणी मारत नाही. घर झाडलेलं असेल, भांडण नसेल, तर ती खूश असते. जेवायच्या टेबलाशी तिची म्हणून एक खुर्ची मोकळी ठेवतात. बाहेरून आलं की तिला नमस्कार करतात. तिचा राग एकाच गोष्टीवर: तिला न विचारता तिचं घर टाकून जाणं. ते तिच्या कानावर गेलं, तर जाणाऱ्यांतला एक कमी होतो.

म्हणून घराचा सौदा घराबाहेर झाला. पाल्मिराचा फोन आला की तितीना मोबाइल घेऊन जिन्यात यायची आणि पहिल्या वळणाच्या खाली उतरल्याशिवाय "हं, बोल" म्हणायची नाही. ते वळण माझ्या दाराशी येतं.

"आई, दलाल म्हणतो गिऱ्हाईक तयार आहे."

"हळू."

"मी बोलोन्यातून बोलतेय, आई."

"तू तिथून बोल, पण हळू बोल. अनिएल्लोला मी अजून काही सांगितलेलं नाही. तो वरून ओरडायचा, 'कधी निघायचं?' आणि मग संपलंच."

गिऱ्हाईक मिलानचं होतं. लोदोविको रिव्हा, पन्नाशीचा, नीटनेटका, बोलायला गोड. आमच्या भागातली घरं घेऊन तो ती पाहुण्यांसाठी सजवायचा. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात त्यांची पहिली भेट झाली. मला तितीनानं बरोबर नेलं होतं, कारण मिलानच्या माणसाचं बोलणं वर्तमानपत्रवाल्याला कळतं असा तिचा समज आहे.

"घर बघावं लागेल," रिव्हा म्हणाला. "फोटोवरून नाही घेत मी."

"बघा ना. पण पाहुणा म्हणून या. दोन रात्री राहा. बॅग घेऊन या, हातातली फाइल नको."

तो हसला. "का? भाऊ तयार नाही का?"

"भावाचं सोडा. घरात भिंती टेपनं मोजायच्या नाहीत. विक्री, खरेदी, रिकामं, ताबा, यातला एकही शब्द आत उच्चारायचा नाही. फोनवरसुद्धा नाही. आणि शहर खरंच बघायचं. मी सांगेन तिथे जायचं, संध्याकाळी दमून यायचं."

"ते कशाला?"

"खोटा पाहुणा ओळखू येतो. न फिरलेल्या माणसाच्या बुटांना धूळ नसते."

"कुणाला ओळखू येतो?"

तितीनानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला जमेल तेवढं समजावलं. तो गंभीर चेहऱ्यानं ऐकत होता. "आमच्या आजीचंही असंच होतं," तो म्हणाला. "आरशावर कापड टाकायची. काही काळजी करू नका."

ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो आला. तितीनानं त्याला पाणी दिलं, किल्ली दिली, शहर वाटून दिलं. त्यानं शब्द पाळला, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पहिल्या दिवशी तो मठाच्या गच्चीवर गेला, पायऱ्यांनी उतरला, तळलेला पिझ्झा उभ्यानं खाल्ला आणि शर्टावर तेलाचा डाग घेऊन आला. अनिएल्लोनं त्याला तारेच्या गाडीच्या गोष्टी सांगितल्या. जेवताना तितीनानं त्याला खिडकीकडच्या मोकळ्या खुर्चीपासून लांब बसवलं. त्यानं भिंतीला हात लावला नाही, छताकडे बघितलं नाही. छतातून मला फक्त अनिएल्लोचं हसणं ऐकू आलं.

दुसऱ्या सकाळी तितीना बाजारात गेली. जाताना माझ्या दारावर टकटक करून म्हणाली, "सगळं ठीक आहे. तो उठला की खाली दुकानात येईल, तिथे बोलून टाकू. तूही ये." अनिएल्लो झोपला होता. सकाळी तो नेहमी उशिरापर्यंत झोपायचा.

आम्ही बसलो होतो तिथे रिव्हा आला तो खुशीत. खुर्ची ओढली, कॉफी सांगितली, मग हात हलवून नको म्हणाला.

"झाली माझी. वरच झाली. दोन्ना तितीना, मला घर पसंत आहे. तुम्ही म्हणाल त्या भावात. आणि आत मी स्वतःहून एकही शब्द काढला नाही, तुमच्या बहिणीनंच निम्मं घर दाखवलं."

तितीनाच्या हातात मासळीची पिशवी होती. ती तिनं सावकाश जमिनीवर ठेवली.

"कोण?"

"तुमची बहीण. की जाऊ? स्वयंपाकघरात होत्या. घरातले कपडे, केस वर बांधलेले. मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी कॉफी ओतून ठेवली होती. फार कमी बोलतात. पण घराची माहिती तुमच्यापेक्षा जास्त. मागच्या भिंतीत बुजवलेलं दार आहे, ते तुम्ही मला सांगितलं नव्हतंत."

"बुजवलेलं दार नाही तिथे," तितीना म्हणाली. मग थांबून म्हणाली, "आजोबांच्या आधी होतं म्हणतात."

"बघा."

"कॉफी कशी होती?"

"उत्तम. जरा गोड."

अनिएल्लोच्या मधुमेहापायी त्या घरातून साखर कधीच हद्दपार झाली होती. पाहुण्यांनासुद्धा तितीना दुकानातून पुड्या आणायला सांगायची.

"ती बसली होती कुठे?" तितीनानं विचारलं.

"खिडकीशी. तिथे ऊन फार होतं, चेहरा नीट दिसला नाही. का?"

"काय बोललात तुम्ही तिच्याशी?"

आता रिव्हाला काहीतरी चुकल्याचं जाणवलं. तो माझ्याकडे बघू लागला. "मी काही काढलं नाही. त्यांनीच विचारलं. म्हणाल्या, ही माणसं कधी जाणार? मला वाटलं, घरच्याच आहेत, त्यांना ठाऊक असणार. मी म्हटलं, नाताळच्या आत."

"आणि?"

"आणि म्हणाल्या, म्हातारा? मी म्हटलं, म्हातारा तर सगळ्यात आधी. त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं."

"मग ती काय म्हणाली?"

"बरं, म्हणाल्या. नुसतं 'बरं'. आणि कप उचलून नेला."

तितीना उठली. पिशवी तिथेच राहिली. "साहेब, मला बहीण नाही," ती म्हणाली. "जाऊही नाही."

तिचे गुडघे कामातून गेलेले आहेत. एरवी ती प्रत्येक मजल्यावर थांबते. त्या दिवशी ती थांबली नाही. मी मागे होतो. दार लोटलेलं होतं. घर नुकतंच पुसल्यासारखं स्वच्छ होतं, खिडक्या उघड्या, पडदे बाजूला बांधलेले. टेबलावर धुतलेला एक कप पालथा घातला होता.

अनिएल्लो पलंगावर बसलेला सापडला. पाय जमिनीवर, हात पलंगाच्या काठावर, जणू उठायला निघाला आणि मध्येच थांबला. ओठ निळे पडले होते. डोळे उघडे होते पण आमच्याकडे बघत नव्हते. श्वास चालू होता, लांब लांब अंतरानं, आणि दोन श्वासांच्या मधल्या वेळात खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. खालच्या गल्लीचा आवाजसुद्धा.

मी रुग्णवाहिकेला फोन लावला. फोनवरच्या बाईंनी पत्ता विचारला, मजला विचारला, लिफ्ट आहे का विचारलं. त्याला कुशीवर निजवा, माणसं येताहेत, म्हणाल्या. मी त्याला निजवलं. वळून पाहिलं तर तितीना खोलीत नव्हती.

ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती, मोकळ्या खुर्चीसमोर. हात मांडीवर. शेजारणीकडे काही मागायला गेलेली बाई बसते तशी, जरा कडेवर. मी दारातच थांबलो. तिथे तिसरं कुणी नव्हतं. खिडकीतून आलेलं ऊन त्या खुर्चीवर पडलं होतं आणि खुर्चीची सावली मागच्या भिंतीवर होती. इतकंच.

"तू ऐकलंस ते खरं आहे," तितीना बोलत होती. आवाज नेहमीचा. "खोटं बोलून उपयोग नाही, तुला कळतं. तुला आधी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. भीती वाटली."

ती थांबली. समोरच्याचं बोलणं ऐकताना माणूस मान किंचित कलती करतो, तशी तिची मान कलली.

"रागावून जात नाहीये कुणी. जिना त्याला मारतोय. तू कधी जिना उतरली नाहीस, तुला कसं कळणार?"

पुन्हा थांबली.

"त्याला जाऊ दे. मी राहते."

आतल्या खोलीत अनिएल्लोचा श्वास आला आणि गेला. मग पुढचा येईना.

"हो," तितीना म्हणाली. "मरेपर्यंत. हे काय विचारणं झालं?"

तिचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. तिला काहीतरी विचारलं गेलं होतं आणि ते तिला अपेक्षित नव्हतं, एवढं मला कळलं.

"नंतरही?" ती म्हणाली.

खिडकीबाहेर कुणीतरी दोरीवरचे कपडे ओढत होतं, कप्पीचा कुईकुई आवाज येत होता. तितीना टेबलावरचे न दिसणारे कण तळहातानं गोळा करत राहिली. कण नव्हतेच. तिनं ते टेबलाच्या कडेला आणले, दुसऱ्या हातात झेलले, आणि मूठ मिटली.

"बरं," ती म्हणाली. "नंतरही."

आतून अनिएल्लो खोकला. मग शिवी दिली. मग विचारलं, "तिती, माझी चप्पल कुणी हलवली?"

रुग्णवाहिकेची माणसं वर आली तोवर तो उशीला टेकून बसला होता आणि त्यांना दम लागलेला बघून हसत होता. डॉक्टरांनी नंतर औषधाची मात्रा बदलली. त्यांच्या मते रक्तदाब अचानक उतरला होता. म्हाताऱ्या हृदयांचं असं होतं, कधी परत येतात, कधी नाही. ते चांगले डॉक्टर आहेत आणि मी त्यांच्याशी वाद घातलेला नाही.

रिव्हा त्याच संध्याकाळी निघाला. बॅग आणायला तो वर गेला नाही, मला पाठवलं. कॉफी देणारी बाई कोण होती हे त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, घरातलीच. सौदा मोडला म्हणून तो एक शब्द बोलला नाही. स्टेशनच्या टॅक्सीत बसताना म्हणाला, "त्या बाईंनी मला अजून एक विचारलं होतं. मी मिलानला कुठे राहतो ते." मग त्यानं काच वर केली.

पाल्मिरा दोन दिवसांनी आली. जिन्याच्या वळणावर, माझ्या दाराशी, मायलेकींचं बोलणं झालं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी तितीना सवयीनं खाली उतरून आली होती.

"मामाला मी घेऊन जाते. माझ्या घरात राहील, दिवाणखान्यात पलंग टाकते. पण तू?"

"मी इथे."

"एकटी?"

तितीनानं वर, आपल्या दाराकडे पाहिलं.

"आई, तुला वेड लागलंय का? गुडघे बघ तुझे. कुणाला वचन दिलंस? खुर्चीला?"

"हळू."

"हळू कशाला? कुणी ऐकत नाही."

"ऐकतंय," तितीना म्हणाली. "आणि तू तिच्यासमोर वाढली आहेस, तिच्याबद्दल नीट बोल. मामाला शनिवारी ने. लोकरीचा कोट घालून ने, तिकडे थंडी असते."

अनिएल्लोला गल्लीतल्या चौघांनी लाकडी आरामखुर्चीत बसवून खाली आणलं. मिरवणुकीतला संत निघावा तसा तो निघाला, वळणावळणावर लोकांना हात करत, खुर्ची वाहणाऱ्यांना चढ-उतारावर कसं चालायचं ते शिकवत. बहीण महिन्याभरात मागून येणार आहे, असं त्याला सांगितलं होतं. तितीना वरच्या दारात उभी होती. तिनं उंबरा ओलांडला नाही. "टोपी घाल," एवढंच वरून म्हणाली.

तो आता बोलोन्यात बागेत चालतो. वजन वाढलंय. रविवारी फोन करतो आणि विचारतो, तू कधी येतेस? ती म्हणते, पाहुणे आहेत. ते खोटं नसतं. पाहुणे सतत असतात, आणि तिसऱ्या मजल्यावरची ती खोली कधी रिकामी राहत नाही. अलीकडे पाहुण्यांना ती निरोपाचं काही घरात बोलू देत नाही. बॅगा आधी जिन्यात न्यायच्या, मग तिथे हात मिळवायचा. मागच्या आठवड्यात एका डच जोडप्यानं तिला विचारलं, तुमच्यापैकी मालकीण कोण? तितीना म्हणाली, "अजून ती."

गेल्या महिन्यात बाजारात आमच्या चर्चच्या पंथमंडळातले सेनेर्किया नावाचे गृहस्थ भेटले. मंडळाच्या स्मशानघरात मृतांना ठेवायचे भिंतीतले कोनाडे असतात, कुणाचा कुठला याचा कारभार ते बघतात. तितीना कोळंबी निवडत होती. ती त्यांना म्हणाली, नवऱ्याच्या शेजारची माझी जागा अनिएल्लोच्या नावावर करून टाका.

"तुमचे बंधू बोलोन्याला गेले ना?"

"पाल्मिरा आणेल त्याला. त्याला आपल्याच माणसांत ठेवायला हवं."

"आणि तुमच्यासाठी? वरच्या ओळीत एक आहे, पण तिथे शिडी लागते."

"माझ्यासाठी नको."

सेनेर्किया हसले. सभ्य माणूस आहे. "दोन्ना तितीना, जागा सगळ्यांना लागते."

"मला नाही लागणार," तितीना म्हणाली, आणि मासेवाल्याला सांगितलं की कोळंबी कालची आहे.